मुलीला ख्रिश्चन कॉलेजला पाठवायचं का? आधी ती सही कशावर करणार ते वाचा

मिशिगनहून एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलगी बारावीत आहे, ग्रँड रॅपिड्सच्या केल्विन युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालीये, स्कॉलरशिपही बरी दिलीये, मुलीला कॅम्पस जाम आवडलाय. पण मिस्टर काही बोलतच नाहीत, आणि सांगलीहून सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर एकच विचारतात, "तिथे पोरीला बाटवणार नाहीत ना?"

ताई, सासूबाईंना सांगा की कुणी धरून बाप्तिस्मा देत नाही. पण म्हणून प्रश्न संपला असंही नाहीये, कारण तुम्ही मेलमध्ये पुढे लिहिलंय की "आम्ही दोघंही मुंबईत झेवियर्सला होतो, तिथे कुठे काय झालं". इथेच आपल्या लोकांची गफलत होते. आपल्याकडे मिशनऱ्यांच्या शाळा कॉलेजात शिकायची जुनी सवय आहे, विल्सन कॉलेज १८३२ पासूनचं, झेवियर्स १८६९ चं, अहो धर्मशास्त्राचे एवढे मोठे अभ्यासक भारतरत्न पां. वा. काणे, तेसुद्धा दापोलीच्या मिशन हायस्कूलमधून आणि मग विल्सनमधून शिकले, आणि त्यांचं कुणी काही वाकडं केलं नाही. पण त्या कॉलेजात आपण लेक्चर करायचो, कँटीनला बसायचो आणि लोकल पकडून घरी जायचो. अमेरिकेतलं ख्रिश्चन लिबरल आर्ट्स कॉलेज (एकाच विषयाऐवजी सगळं थोडं थोडं शिकवणारं) म्हणजे राहायची जागा आहे, जेवण तिथेच, झोप तिथेच, मैत्रिणी तिथल्याच, रविवारी सकाळी अर्धी डॉर्म चर्चला गेलेली, आणि हे चार वर्षं. तिथे धर्म वेळापत्रकात एका ओळीत नसतो, तो रोजच्या जगण्यात असतो, आणि ते लोक हे लपवत अजिबात नाहीत, उलट वेबसाइटच्या पहिल्या पानावर लिहितात. वाचायचा कंटाळा आपल्याला असतो, रँकिंग आणि फी बघून आपण टॅब बंद करतो.

दुसरं म्हणजे "ख्रिश्चन कॉलेज" असा एकच प्रकार नाही. केल्विन १८७६ मधलं, डच लोकांनी मिशिगनमध्ये येऊन वसवलेल्या ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चचं, २०१९ मध्ये त्याचं नाव युनिव्हर्सिटी झालं. त्यांची धारणा अशी की सगळं जगच देवाचं, त्यामुळे फिजिक्स, राजकारण, सिनेमा सगळ्याचा नीट अभ्यास करायचा, घाबरून दूर पळायचं नाही. तिथे रोज सकाळी चॅपल (प्रार्थनासभा) असतं पण यायची सक्ती नाही, आणि इतर धर्मांच्या मुलांना ॲडमिशन मिळते. आता शिकागोजवळचं व्हीटन बघा, १८६० चं, अभ्यासाला एकदम कडक आणि नावाजलेलं, पण तिथे अर्जातच तुमची ख्रिस्तावरची श्रद्धा विचारतात, चॅपल सक्तीचं, अंडरग्रॅज्युएट मुलांना दारू-सिगारेट बंद, आणि कॅम्पसवर नाचायची परवानगी सुद्धा २००३ मध्ये मिळाली! तुमची मुलगी नवरात्रात गरबा सोडणारी नाही असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून हे सांगितलं. टेक्सासचं बेलर बाप्टिस्ट आहे, तिथे नाचाची बंदी १९९६ मध्ये उठली, आता ती मोठी रिसर्च युनिव्हर्सिटी आहे, मेडिकलला जायचं म्हणून भरपूर देशी मुलं तिथे असतात, तरी बायबलचा एक आणि ख्रिश्चन परंपरेचा एक कोर्स सगळ्यांना करावा लागतो आणि दोन सेमिस्टर चॅपल पण. ब्रिटिश कोलंबियात लँगलीला ट्रिनिटी वेस्टर्न आहे, त्यांच्या कोव्हेनंटवरून (विद्यार्थ्यांनी कसं राहायचं याचा करार, पुढे सांगते) लॉ स्कूलचं प्रकरण कॅनडाच्या सुप्रीम कोर्टात गेलं, २०१८ मध्ये ते हरले आणि त्यानंतर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी कोव्हेनंट ऐच्छिक करून टाकलं. म्हणजे व्हँकुव्हरच्या एखाद्या मराठी काकूंचा अनुभव ऐकून मिशिगनचा निर्णय घेऊ नका, आणि उलटंही नको.

आता हे कोव्हेनंट. म्हणजे "आम्ही इथे असं राहू" असा करार, काही ठिकाणी सही करावी लागते, काही ठिकाणी नुसता स्टुडंट कोड असतो. त्यात दारूचं असतं, मुलांच्या मजल्यावर मुलींनी कधी जायचं याच्या वेळा असतात, आणि शरीरसंबंध फक्त लग्नात आणि लग्न फक्त स्त्री-पुरुषाचं असं स्वच्छ लिहिलेलं असतं. पहिल्या दोन गोष्टी वाचून आपले आईबाप मनातून खूश होतात हे मला माहितीये (दारू नाही, मुलगे नाहीत, स्वर्गच की हो). पण तिसरी गोष्ट मुलीबरोबर बसून वाचा. ती अठरा वर्षांची आहे, तिला स्वतःबद्दल, मैत्रिणींबद्दल काय कळायचंय ते पुढच्या चार वर्षांत कळेल, आणि त्या वेळी ती अशा ठिकाणी असेल जिथे या विषयावर संस्थेची ठाम भूमिका आहे. केल्विनच्या चर्चने २०२२ च्या सिनॉडमध्ये (चर्चच्या वार्षिक सभेत) ही भूमिका आणखी पक्की केली आणि कॅम्पसवर त्यावरून बरीच घुसळण झाली. धार्मिक संस्थांना टायटल नाइनच्या (शिक्षणात लिंगावरून भेदभाव नको असा फेडरल कायदा) काही कलमांतून सूट मिळते हेही लक्षात ठेवा, म्हणजे सरकारी युनिव्हर्सिटीत जी तक्रार चालेल ती इथे चालेलच असं नाही. मुलगी म्हणेल "आई, काय बोलतेयस", तरी बोला.

अभ्यासाचं म्हणाल तर मला ही कॉलेजं आवडतात, सरळ सांगते. वर्ग लहान असतात, शिकवायला खुद्द प्रोफेसर असतो, टीएच्या (शिकवायला मदत करणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांच्या) हवाली करत नाहीत, आणि मुलगी दोन आठवडे दिसली नाही तर कुणीतरी विचारतं. कोअर म्हणून इतिहास, तत्त्वज्ञान, सायन्स, एखादी भाषा असं सगळं थोडं थोडं करावं लागतं, त्यात बायबल आणि थिऑलॉजी पण येणार, त्यातून सुटका नाही. तुमच्या मिस्टरांना (ते बोलत नसले तरी त्यांच्या मनात हेच असणार) वाटत असेल की इंजिनिअरिंग, मेडिकल सोडून हे काय मध्येच. तर केल्विनचा इंजिनिअरिंगचा कोर्स एबेट (इंजिनिअरिंगचे कोर्स तपासणारी संस्था) मान्यतेचा आहे, आणि मेडिकल स्कूलला मेजर (मुख्य विषय) कुठलाही चालतो, बायो, केमिस्ट्री, फिजिक्सचे ठरलेले कोर्स लागतात आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) लागते, त्या एमकॅटमध्ये एक अख्खा भाग नुसता उतारे वाचून विचार करायचा असतो, त्यात तत्त्वज्ञानाचे निबंध लिहिलेली मुलं मागे पडत नाहीत.

पण एक बाजू आहे. इथे प्राध्यापक स्वतः त्या श्रद्धेशी बांधलेले असतात. व्हीटनमध्ये २०१५ च्या डिसेंबरमध्ये एका प्राध्यापिकेने मुस्लिमांच्या सोबतीसाठी हिजाब घातला आणि ख्रिश्चन व मुस्लिम एकाच देवाला भजतात असं लिहिलं, तिला रजेवर पाठवलं आणि दोन महिन्यांत कॉलेज आणि ती वेगळे झाले. आपल्या "देव एकच, नावं अनेक" वाल्या घरातून गेलेल्या पोरीला हे ऐकून धक्का बसेल. तिथे हे वाक्य गोड मानून घेतलं जात नाही, त्यावर वाद होतो. मला विचाराल तर तो वाद तिच्यासाठी चांगलाच आहे, पण वाद घालायला हाताशी काहीतरी लागतं. आपली इथली मुलं गणपतीत मोदक खातात, आरती रोमन लिपीत वाचतात, आणि रूममेटने रात्री अकरा वाजता खरंच मनापासून विचारलं की तुमच्यात मेल्यावर काय होतं, तर गप्प. तर या उन्हाळ्यात तिला ज्ञानेश्वर-तुकारामांबद्दल काही वाचायला द्या, इंग्रजीत चालेल, सासूबाईंशी बोलायला बसवा. सासूबाईंनाही काम मिळेल, रोजची चौकशी थांबेल.

रूममेट बायबल स्टडीला बोलावणार, हे नक्की. कधी प्रेमाने, कधी जरा जास्तच प्रेमाने. जायचं असेल तर जा, नको असेल तर "थँक्स, नको" म्हण, दोन्हीत काही चुकीचं नाही एवढं तिला घरातून कळलं पाहिजे. कॅम्पस व्हिजिटला गेलात की टूर गाइडला नाही तर तिथे शिकणाऱ्या एखाद्या हिंदू किंवा मुस्लिम मुलीला गाठा, ॲडमिशन ऑफिस फोन जुळवून देतं, आणि तिला विचारा की शनिवारी रात्री काय करतेस, दिवाळी कुठे केलीस, थँक्सगिव्हिंगला डॉर्म रिकामी झाली तेव्हा कुठे होतीस. अशी एकही मुलगी त्यांना सापडली नाही तर तेही उत्तरच आहे. रात्रभर डॉर्ममध्ये राहायची सोय असेल तर मुलीला एकटीला राहू द्या, तुम्ही हॉटेलात.

जेवणाचं फार मनावर घेऊ नका, शाकाहारी मिळतं, कंटाळवाणं असतं.

पैशाचं. छापील फी बघून घाबरू नका, खाजगी कॉलेजात बहुतेक जण ती पूर्ण भरत नाहीत, नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता तुम्हाला किती पडेल ते सांगणारा) प्रत्येक कॉलेजच्या साइटवर २०११ पासून असायलाच लागतो, त्यात तुमचे आकडे टाका आणि येणारा आकडा ॲन आर्बरच्या (सरकारी युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनच्या) इन-स्टेट खर्चाशेजारी ठेवा. मुलगी सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाली असेल तर फाफ्सा (फेडरल मदतीचा अर्ज) भरा, मिशिगनची अचीव्हमेंट स्कॉलरशिप खाजगी कॉलेजलाही लागू होते, तीही बघा. एच-फोरवर (आईबापांच्या एच-वनवर मिळणारा डिपेंडंट व्हिसा) असेल तर फेडरल मदत नाही, कॉलेजची स्वतःची स्कॉलरशिप मिळते का ते लेखी विचारा, आणि एकविसाव्या वर्षी ती एच-फोरमधून बाहेर पडून एफ-वनवर (स्टुडंट व्हिसावर) जाईल तेव्हा तीच रक्कम राहणार का हे सुद्धा विचारा, हा प्रश्न आपले लोक तिसऱ्या वर्षात विचारतात. स्कॉलरशिप टिकवायला जीपीए (मार्कांची सरासरी) किती लागतो ते पण.

आणि कॉलेजची तब्येत बघा. न्यूयॉर्कच्या द किंग्ज कॉलेजची मान्यता २०२३ मध्ये गेली आणि वर्ग थांबले, त्याच वर्षी इलिनॉयच्या ट्रिनिटी इंटरनॅशनलने कॅम्पसवरचं अंडरग्रॅज्युएट शिक्षण बंद करून ऑनलाइन केलं, मुलं मध्येच दुसरीकडे गेली. छोट्या कॉलेजांत हा धोका आहे, म्हणून गेल्या काही वर्षांत विद्यार्थी वाढले की घटले, कुठले डिपार्टमेंट बंद केले, हे थेट विचारा, आणि तिला जो मेजर करायचाय त्यात प्रोफेसर किती उरलेत तेही.

डिपॉझिटची तारीख बहुतेक ठिकाणी १ मे असते. स्कॉलरशिप वाढवून मागायची असेल तर दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडून मार्चमध्येच फायनान्शियल एडला मेल टाका, आणि मेल मुलीच्या नावाने जाऊ दे, तुमच्या नाही.