शुगर, बीपी, गुडघे आणि मशेरी: बोलायला सुरुवात कुठून करायची?

तुम्ही आरोग्य उपकेंद्रावर काम करता. साठीतल्या एका बाईंना हे चारही त्रास आहेत, दर वेळी त्या "हो हो" म्हणतात आणि करत काहीच नाहीत. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे उपदेश न करता बदलाची कारणं माणसाच्याच तोंडून येऊ देणारी बोलण्याची पद्धत, इथे कशी वापरायची, असा तुमचा प्रश्न आहे.

मी मधुमेह-बीपीच्या रुग्णांचं समुपदेशन करते. माझं ठाम मत आहे की विषय त्यांनाच निवडू द्या. "मावशी, आज यातलं कशाबद्दल बोलूया? की मनात दुसरंच काही आहे?" पुष्कळदा कार्डावर नसलेलंच बाहेर येतं: "रात्री तळपायाची आग होते, झोप लागत नाही." तिथूनच धरा. ही आग शुगरमुळे असू शकते, पण लगेच सांगू नका. "तुम्हाला काय वाटतं, कशानं होत असेल?" असं विचारा, मग "थोडं सांगू का?" म्हणून परवानगी घ्या, दोन वाक्यांत सांगा आणि त्यांना काय वाटलं ते ऐका.

विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली ती दारूच्या रुग्णांसोबतच्या कामातून. आपण बदलाची बाजू जितकी लावून धरू, तितका समोरचा न बदलण्याची बाजू लढवतो. "मशेरी सोडा" म्हटलं की "त्याशिवाय पोट साफ होत नाही" हे आलंच. त्यावर वाद नको. "म्हणजे सकाळ मशेरीशिवाय सुरूच होत नाही," एवढं म्हणा आणि थांबा. मग कधीकधी त्याच म्हणतात, "पण नात जवळ येत नाही, वास येतो म्हणते." हे वाक्य सोडू नका! "नात दूर राहते ते मनाला लागतं तुमच्या," एवढंच म्हणा, त्या पुढे बोलतील.

बदल कितपत जमेल हे विचारायची शून्य ते दहाची पट्टी जुन्या बायकांना रुचत नाही. मी विचारते, "रुपयात किती आणे जमेल?" त्या "चार आणे" म्हणाल्या, तर "दोनच का नाही म्हणालात?" असं विचारा. आपल्याला काय जमतं ते त्या स्वतः सांगू लागतात. "सोळा का नाही?" विचारलंत, तर अडचणींची यादी ऐकावी लागेल.

पायाला जखम, छातीत दुखणं, शुगर एकदम उतरणं, अशा वेळी मात्र सरळ सूचना द्या आणि पुढे पाठवा. आणि घरात स्वयंपाक सून करत असेल, तर मावशींना विचारून पुढच्या वेळी तिलाही बोलावून घ्या.