चित्र जुळवण्याआधी मजकूर वाचा

सर, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. शिरपूरकडच्या शाळेत तुम्ही मुलांना घेऊन फुलपाखरांची यादी करताय. त्यासाठी अख्ख्या भारताचं जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतलंत, आणि बांधावरच्या रुईजवळ दिसलेलं केशरी फुलपाखरू त्यातल्या तीन चित्रांशी जुळतंय. त्यात ही यादी गावाच्या जैवविविधता नोंदवहीला (गावातल्या झाडा-प्राण्यांच्या सरकारी नोंदीला) जोडायची म्हणून ‘नक्की नाव लिहा’ असा निरोप आलाय. नेमक्या याच फेऱ्यातून मी गेले आहे.

कुळं किती, पंखांचे भाग कोणते, हे सगळं पुस्तकाच्या सुरुवातीला असतं, ते सोडून देते. मी प्राणीशास्त्र शिकलेली नाही. चाळीसगाव-पाटणादेवी आणि जळगावच्या आसपास फिरून, चुकत-विचारत जे कळलं ते सांगते आहे. जाणकार मंडळींनी दुरुस्ती केली तर आनंदच आहे.

आधी पुस्तकाबद्दल. पुस्तकविक्रीशी माझा काही संबंध नाही, पण माझं मत ठाम आहे: पहिलं पुस्तक अख्ख्या भारताचं नसावं. देशात फुलपाखरांच्या तेराशेच्या वर जाती आहेत आणि त्यातला फार मोठा वाटा हिमालय आणि ईशान्येकडचा. नवखा माणूस पानं उलटत जातो, जे चित्र जास्त सारखं वाटेल तिथे थांबतो, आणि तापीकाठच्या शेतात अरुणाचलचं फुलपाखरू ‘सापडतं’. कृष्णमेघ कुंटे यांचं २००० साली आलेलं भारतीय द्वीपकल्पातल्या फुलपाखरांचं पुस्तक आपल्याला जास्त उपयोगी, कारण त्याचा आवाकाच मर्यादित आहे. आयझॅक केहिमकरांचं २००८ चं मोठं पुस्तक जरूर असावं, पण घरी टेबलावर, दुसऱ्या फेरीसाठी. तुमच्याकडे मोठं पुस्तक आधीच आहे, तर ते फेकायचं नाही. एका रविवारी बसा आणि प्रत्येक जातीचा ‘कुठे आढळते’ हा मजकूर वाचून, फक्त हिमालय, ईशान्य आणि अंदमानात असलेल्या जातींवर पेन्सिलीने फुली मारा. कंटाळवाणं काम आहे, पण वर्षभराचा मनस्ताप वाचतो.

एक सावधगिरी. द्वीपकल्पाच्या पुस्तकांचा ओढा सह्याद्रीच्या दाट जंगलांकडे असतो. आपला मुलूख कोरडा, पानगळीच्या जंगलाचा आणि काटेरी झुडपांचा. सामन अरब, क्रिमसन टिप, स्मॉल ऑरेंज टिप, पायोनियर ही मंडळी धुळ्याच्या माळावर किंवा नाल्याकाठी जास्त भेटतात आणि बहुतेक पुस्तकांत त्यांच्या वाट्याला जागा कमी येते. ती पानं खूण घालून ठेवा.

आता तुमचं केशरी फुलपाखरू. तीन चित्रं म्हणजे प्लेन टायगर, स्ट्राइप्ड टायगर आणि डॅनेड एगफ्लायची मादी असणार, असा माझा अंदाज. स्ट्राइप्ड टायगरच्या शिरा जाड काळ्या असतात, ते लगेच वेगळं काढता येतं. खरा घोळ उरलेल्या दोघांत आहे. प्लेन टायगरची अळी रुईचा चीक पचवते, त्यातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्याच्या नादी लागत नाहीत. एगफ्लायच्या मादीत तसलं विष नसतं, ती फक्त तसं रूप घेऊन फिरते. पुस्तकातलं अख्खं चित्र बघत बसलात तर तासभर गोंधळ चालेल. मागच्या पंखाच्या मधोमध बघा. प्लेन टायगरला तिथे काळे ठिपके असतात, मादीला तीन, नराला चार. एगफ्लायच्या मादीच्या मागच्या पंखाला मधोमध हे ठिपके नसतात, वरच्या कडेशी एकच काळा डाग असतो. आणि एगफ्लायचा नर अगदीच निराळा, काळाभोर पंख आणि त्यावर निळी झाक असलेले पांढरे गोल. नर-मादी एकाच पानावर छापलेले नसले तर ही दोघं एकाच जातीची आहेत हे कुणाला सांगूनही खरं वाटत नाही. म्हणून पुस्तक घेताना नर आणि मादी दोन्ही दिलेत का, पंख मिटलेले आणि उघडलेले दोन्ही फोटो आहेत का, हे दुकानातच पाहा. नसतील तर ते पुस्तक घेऊ नका.

झाडावरूनही छडा लागतो. फुलावर मध प्यायला कुणीही येतं, त्याला अर्थ नाही. पण अंडी घालताना दिसलं तर अर्धं काम झालं. रुईच्या पानाखाली अंडं चिकटवत असेल तर प्लेन टायगर. जमिनीलगत घोळीच्या भाजीवर घुटमळत असेल तर एगफ्लायची शक्यता धरा. चांगल्या पुस्तकात अळीचं खाद्य काय हे प्रत्येक जातीपुढे दिलेलं असतं, आणि माझ्या मते चित्राखालोखाल तीच ओळ सगळ्यात मोलाची आहे. शाळेतल्या मुलांना घोळ, रुई, टाकळा, वाघाटी ही झाडं तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली ओळखता येतात. त्यांना झाडापासून सुरुवात करू द्या.

आकाराचंही तसंच. पुस्तकात सगळी चित्रं जवळजवळ एका मापात छापलेली असतात. ग्रास ज्युवेल नखाएवढं आणि आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत (ब्लू मॉर्मन) तळहाताएवढं, पण पानावर दोघं सारखेच दिसतात. चित्राशेजारी मिलिमीटरमध्ये पंखविस्तार दिलेला असतो, तो न वाचता नाव ठरवू नये.

आता जे सांगायचं म्हणून मुख्यतः लिहायला बसले ते. २०१९-२० मध्ये गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्या पूर्ण करायची घाई उडाली होती, ते तुम्हाला आठवत असेल. जैवविविधता कायदा २००२ चा, पण वह्या बऱ्याच ठिकाणी तेव्हा घाईघाईत भरल्या गेल्या. आमच्या गावच्या फुलपाखरांची यादी मी दिली. पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही धरून केलेली, प्रत्येक नोंदीपुढे तारीख, शिवार, झाड, आणि जिथे खात्री नव्हती तिथे ‘बहुधा’ असा शेरा. सोबत पेन ड्राइव्हवर फोटो, क्रमांक घालून.

एका कार्यालयाने (नाव घेत नाही) ती यादी परत पाठवली. म्हणे ‘बहुधा’ चालत नाही, एक तर नाव लिहा नाहीतर ओळ काढा. मी गेले, समजावून सांगितलं की खात्री नसताना नाव लिहिणं हीच खोटी नोंद आहे. त्यांच्या तक्त्यात रकाने फक्त दोन, नाव आणि संख्या. तारीख नाही, जागा नाही, झाड नाही. शेवटी टाइप करणाऱ्याने समोर एक रंगीत पुस्तक ठेवून फोटो स्वतःच जुळवले.

छापील वही हातात आली तेव्हा त्यात ऑरेंज ओकलीफ होतं. सर, मी डोकं धरून बसले. ते होतं पीकॉक पॅन्सी, आपल्या कालव्याकाठी हमखास दिसणारं. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखी वर्तुळं असतात. कोरड्या दिवसांत तीच खालची बाजू वाळल्या पानासारखी होते, मधून पानाच्या शिरेसारखी रेघ जाते, पंखांची टोकं जास्त कोनदार होतात. पण पंख उघडले की वरचे मोरपिशी डोळे बाराही महिने तसेच. मी एकाच फुलपाखराचे दोन फोटो दिले होते, पंख मिटलेला आणि उघडलेला, एकाच क्रमांकाखाली अ आणि ब. उघडलेल्याचं पीकॉक पॅन्सी झालं आणि मिटलेल्याचं ऑरेंज ओकलीफ. ओकलीफ हे दाट झाडीतलं फुलपाखरू, पॅन्सीच्या जवळजवळ दीडपट मोठं. पंखविस्ताराचा आकडा वाचला असता तरी थांबता आलं असतं.

बरं, तेवढ्यावर भागलं नाही. सगळे छोटे निळे ‘अनिश्चित’ म्हणून सरसकट उडवले. तुरीच्या फुलांवरचे पी ब्लू आणि ग्राम ब्लू मी खालची बाजू बघून वेगळे केले होते. पी ब्लूला लाटांसारखे पट्टे आणि कडेलगत एक रुंद पांढरा पट्टा, ग्राम ब्लूला पट्ट्यांऐवजी ठिपके. तेही गेले. दुरुस्तीचा अर्ज दिला, तर आवक क्रमांक मिळायलाच हेलपाटे. कधी साहेब मीटिंगला, कधी ‘हे आमच्याकडे नाही, वर विचारा’. पेन ड्राइव्ह आजतागायत परत आलेला नाही. आणि पुढे एका विद्यार्थ्याने तीच वही दाखवून मला विचारलं, ताई, तुमच्या गावात ओकलीफ कुठे बघायला मिळेल? त्या मुलाला काय सांगायचं? चुकीची नोंद एकदा छापली गेली की ती खरी नोंद म्हणून फिरत राहते, याचा मला आजही त्रास होतो.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, यादीतलं ‘बहुधा’ कुणाच्याही सांगण्यावरून खोडू नका. तक्त्यात रकाना नसेल तर वेगळा कागद जोडा. सगळ्या कागदांची झेरॉक्स ठेवा, पोच घ्या, आणि फोटोंची एकुलती एक प्रत कधीही कुठल्या टेबलावर सोडून येऊ नका. ग्रास यलो म्हणजे ती पिवळी पाखरं घ्या. कॉमन ग्रास यलो आणि थ्री-स्पॉट ग्रास यलो यांतला फरक पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाकडच्या कप्प्यात दोन खुणा की तीन यावर ठरतो. ते दिसलं नाही तर ‘ग्रास यलो, जात ठरली नाही’ एवढंच लिहा. ती नोंद पूर्ण आहे, अपुरी नाही. इव्हनिंग ब्राउन या तपकिरी फुलपाखराच्या उन्हाळी रूपात तर दोन नमुने एकमेकांसारखे मिळणं कठीण.

मोबाइलमधल्या ओळख सांगणाऱ्या ॲपवर माझा राग नाही, मीही वापरते. पण ते नाव सुचवतं, ठरवत नाही. त्याने दिलेलं नाव घेऊन पुस्तक उघडायचं आणि ठिकाण, आकार, खाद्य या तिन्हींवर घासून बघायचं. त्यातलं एक जरी बसलं नाही तर नाव सोडून द्यायचं.

फोटो काढताना पहिला नेहमी पंख मिटलेला काढा. सगळे वरच्या रंगाच्या मागे धावतात, पण निळे, पिवळे, तपकिरी यांची ओळख बहुतेक वेळा खालच्या बाजूवर असते. मुलांच्या हातात जाळी देऊ नका. काही जाती १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, आणि तसंही पकडण्याची गरज पडत नाही. सकाळी आठ-नऊला ऊन खायला पंख पसरून बसतात तेव्हा जवळ जाता येतं. आपल्याकडे सप्टेंबर ते नोव्हेंबर सगळ्यात चांगला काळ. मार्च-एप्रिलमध्ये नाल्यातल्या ओल्या वाळूवर थवे बसतात, तेही बघण्यासारखं. मे महिन्याच्या उन्हात मात्र मुलांना नेऊ नका, फुलपाखरंही कमी असतात आणि पोरं आजारी पडतील.

आणि आपल्याकडे केळी मुबलक, तिचा उपयोग करा. अगदी काळी पडलेली, फवारणी न लागलेली केळी एका पत्रावळीत कुस्करून दुपारी झाडाच्या सावलीत ठेवा. फुलांवर सहसा न येणारी मंडळी, म्हणजे इव्हनिंग ब्राउन, कॉमन बॅरन, नशीब असेल तर ब्लॅक राजासुद्धा, त्यावर येऊन बसतात आणि खाण्यात गुंग असल्यामुळे मुलांना पुस्तक उघडून शेजारी बसून निवांत ताडून बघता येतं. मुंग्या लागू नयेत म्हणून पत्रावळ पाण्याच्या परातीत वीट ठेवून तिच्यावर ठेवायची.