लेझरने प्रिंट केलेला टायटॅनियमचा पार्ट फोर्जिंगइतका (ठोकून घडवलेल्या पार्टइतका) टिकतो का?

नुसत्या ताकदीचं विचारताय तर हो, कधीकधी जास्तच. टायटॅनियम लेझरखाली वितळून इतकं झपकन थंड होतं की आत सुईसारखी मार्टेन्साइट नावाची कडक रचना बनते, त्यामुळे टेन्साइल (ओढून तोडायला लागणारा ताण) १००० एमपीएच्या (मेगापास्कलच्या) वर सहज जातं, पण ताणलं की लवकर तुटतं.

खरी गोची फटीगची, म्हणजे पुन्हापुन्हा लोड येऊन पार्ट तुटण्याची. पार्ट पावडरच्या थरांनी बनतो, थर ३०-६० मायक्रॉनचे, लेझरची पॉवर कमी पडली तर मधे अर्धवट वितळलेली पावडर राहते, जास्त झाली तर गोल बुडबुडे, आणि क्रॅक तिथूनच सुरू होतो. म्हणून ९२० डिग्री आणि १००० बारला आर्गॉन गॅसमधे दोनेक तास हिप करतात, म्हणजे गरम करून चहूबाजूंनी दाबून आतली भोकं बंद करतात, तरी वरचा खरखरीतपणा जात नाही, तो मशीनिंगनेच.

भोसरीत आमच्या शॉपमधे एकाने फक्त टेन्साइल रिपोर्टवर पार्ट पास करून घेतला, तो पार्ट फटीगमधे तुटला राव! आणि हो, प्रिंट उभा केला का आडवा तेही विचारा, थरांच्या दिशेने ताकद बदलते.