निळ्या रंगावरून ब्लू स्प्रूस ठरवू नका

अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या घरापुढचं निळसर सूचिपर्णी झाड ब्लू स्प्रूसच आहे का, आणि ‘ग्लॉका’ ही त्याची वेगळी नैसर्गिक जात आहे का, असे तुमचे दोन प्रश्न. रंग सगळ्यात शेवटी बघा. त्याच भागातलं व्हाइट फर हे दुसरं सूचिपर्णी झाडही तितकंच निळसर दिसतं.

एक सुई तोडून बोटांत फिरवा. स्प्रूसची सुई चौकोनी असते, सहज फिरते. फरची चपटी असते, फिरत नाही. मग जुन्या डहाळीवरून हात फिरवा. सुया गळाल्यावर स्प्रूसला बारीक खुंट उरतात, डहाळी कानशीसारखी खरखरीत लागते. फरला नुसते गोल, गुळगुळीत वण राहतात.

खरी गल्लत होते ती एंगलमन या दुसऱ्या जातीच्या स्प्रूसशी. तिथे भिंग लागतंच. ब्लू स्प्रूसची कोवळी डहाळी तुळतुळीत असते, एंगलमनच्या डहाळीवर बारीक लव असते. झाडाखाली पडलेले शंकूही मोजा: ब्लू स्प्रूसचे साधारण ६ ते ११ सेंमी, एंगलमनचे बहुतेक ३ ते ६. खवल्यांची कड दोन्हींची पातळ आणि दातेरी असते, त्यावरून निर्णय होत नाही.

आता ‘ग्लॉका’. निळेपणा म्हणजे सुईवरचा मेणाचा थर. चोळलात तर खाली हिरवी सुई दिसेल. एकाच झाडाच्या बियांतून हिरवी, राखाडी, रुपेरी अशी सगळी रोपं निघतात, रानातही तसंच. त्यामुळे ‘ग्लॉका’ला वेगळी जात मानू नये, निळ्या रोपांना दिलेलं ते नाव आहे. हुप्सी, कोस्टर, ग्लोबोसा ही मात्र निवडलेल्या झाडांची कलमं. लेबल हरवलं असेल तर कलमी वाणाचं नाव नुसत्या दिसण्यावरून छातीठोक सांगता येत नाही, कोणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका.

बुटक्या ग्लोबोसातून एखादा जोमदार सरळ शेंडा निघाला तर तो लगेच बुडातून कापा, नाहीतर गोल झुडपाचं झाड होतं. कलमाच्या जोडाखालून आलेली फूटही काढा.

कीड लागली म्हणून बागकामाचं कीडनाशक तेल फवारलंत तर मेण जातं आणि झाड हिरवं दिसू लागतं. त्या सुयांवर निळाई परतत नाही, नवी पालवी येईपर्यंत थांबावं लागतं. आतल्या जुन्या सुया हिरवट असणं हा रोग नव्हे. खालच्या फांद्यांच्या मागच्या वर्षीच्या सुया जांभळट-तपकिरी झाल्या असतील, तर मात्र भिंगातून बघा: काळ्या ठिपक्यांच्या सरळ रांगा दिसल्या तर ती सुया गाळणारी बुरशी आहे.