मुंगूस पिसं ठेवून जातं

“काकू, नमस्कार. आम्ही नागपूरला बेसाच्या पुढे राहतो. घराभोवती जागा आहे म्हणून कोंबड्या पाळल्या आहेत, १४ होत्या, आता १३. मुलगी ११ वर्षांची. चौथीनंतर तिला शाळेतून काढलं, दोन वर्षं मीच घरी शिकवते. धाकटा ७ वर्षांचा, तो शाळेत गेलाच नाही. सगळं छान चाललं होतं, पण जूनपासून मुलगी गणिताला बसत नाही. काहीही सांगितलं की ‘कशावरून?’ पाणी १०० अंशाला उकळतं म्हटलं तरी ‘कशावरून?’ भावाशी उभा दावा, त्याला खुराड्याच्या कडीला हात लावू देत नाही. संध्याकाळी पाचलाच कोंबड्या कोंडते आणि जाळीला खालून विटा रचत बसते. अंड्यांची वही मात्र एक दिवस चुकवत नाही. मे महिन्यात ती आठ दिवस यवतमाळला आत्याकडे गेली होती, तेव्हा तिची टिकली नावाची गावरान कोंबडी आम्ही चिकनवाल्याला ३५० रुपयांना देऊन टाकली. अडीच वर्षांची झाली होती, अंडी बंद, दिवसभर पेटीत बसून राहायची, हात लावला की फुगून चोच मारायची. मुलीला सांगितलं, रात्री मुंगसाने नेली. एक दिवस रडली, मग विसरली. सासूबाई म्हणतात पोट्टी हातातून चालली, शाळेत टाका. हे म्हणतात वेळापत्रक बदल. मी काय करू? ता.क. हल्ली अंड्यांची कवचं फार पातळ येतात, त्यावरही काही सांगा.”

विसरली नाही. अंड्यांची वही रोज लिहिणारी मुलगी कोंबडी विसरत नसते.

पत्र मी छाटून दिलंय. मूळ चार पानांत गणित आहे, वेळापत्रक आहे, सासूबाई आहेत, आणि टिकलीला अडीच ओळी आहेत. माझं उत्तर त्या अडीच ओळींना.

रात्री मुंगसाने नेली, असं तू सांगितलंस. आता कोंबड्यांत वाढलेल्या पोरीच्या जागी उभी राहून बघ. मुंगूस हे दिवसाचं जनावर. सकाळी नाहीतर उन्हं कलताना कुंपणाच्या कडेने पळताना दिसतं, रात्री बिळात असतं. वजन एक-दीड किलो, म्हणजे टिकलीपेक्षा हलकंच. पिल्लू उचलेल, अंडं पळवेल. दीड-दोन किलोची कोंबडी तोंडात धरून भिंत ओलांडणं त्याच्याच्याने होत नाही. ते मान धरतं, तिथेच मारतं, मग ओढायला बघतं. मागे पिसं राहतात, एक-दोन नव्हे, खुराडंभर. तुसावर रक्त, ओढल्याची रेघ, आणि आत शिरायला कुठेतरी वाट. बाकीच्या कोंबड्या असा धसका घेतात की दोन-तीन दिवस संध्याकाळी खुराड्यात शिरायला तयार नसतात, पत्र्यावर नाहीतर झाडावर जाऊन बसतात, आणि अंडी एकदम घटतात.

यवतमाळहून आल्यावर तिला ह्यातलं काय दिसलं? जाळी शाबूत, तूस कोरडं, एक पीस नाही, आणि १३ कोंबड्या नेहमीसारख्या दाणे टिपताहेत.

शिवाय वही. ती नव्हती ते आठ दिवस वही तू लिहिलीस ना? काढ ती पानं. मेच्या उन्हाने नागपुरात अंडी कमी होतात, पण ती हळूहळू, आठवड्या-आठवड्याने. धसक्याने होतात ती रातोरात. तुझ्या पानांवर ‘मुंगसाच्या’ आधी आणि नंतर आकडा जवळपास तोच असणार, कारण काही घडलंच नव्हतं. तुझ्याच अक्षरात तुझ्याविरुद्ध साक्ष, आणि ती वही रोज उघडणारी व्यक्ती घरात एकच. कोंबड्या पाळणाऱ्या बाईला झाकल्या कोंबड्याची म्हण मी सांगायला नको.

म्हणून ‘कशावरून?’ पाणी १०० अंशाला उकळतं ह्याबद्दल तिला शंका नाही, ते सांगणाऱ्या बाईबद्दल आहे. शाळेत जाणाऱ्या पोराची आई खोटं बोलली तरी गणिताच्या बाई वेगळ्या असतात, त्यांच्यावरचा विश्वास शाबूत राहतो. तुझ्या घरात दोन्ही तूच आहेस.

आता धाकट्याकडे ये. ती गावी असताना संध्याकाळची कडी कोण लावत होतं? तू लिहिलं नाहीस, पण आज ज्याला ती कडीला हात लावू देत नाही, तोच असणार. तिला तुझी गोष्ट अर्धी पटली आहे, अर्धी नाही. जी अर्धी पटली आहे तिच्यात मुंगूस उघड्या दारातून आलं आणि दार उघडं टाकणारा तिचा भाऊ आहे. कोंबडी विकली तुम्ही नवराबायकोने आणि आळ आला ७ वर्षांच्या पोरावर. मे महिन्यापासून तो बिचारा बोलणी खातोय आणि तू ते ‘उभा दावा’ म्हणून दोन शब्दांत उडवलंस. खोटं बोलायची कल्पना तुझी की नवऱ्याची, हे मला नको सांगूस.

कोंबडी विकली ह्याबद्दल मी काही बोलणार नाही. कोंबड्या पाळणाऱ्या घरात कोंबडी विकली जाते, कापली जाते, नागपुरात तर तिचा सावजी रस्साही होतो. ११ वर्षांच्या मुलीला ते झेपतं. मला राग आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. टिकली म्हातारी नव्हतीच गं. दिवसभर पेटीतून न हलणारी, जवळ गेलं की फुगणारी, हाताला चोच मारणारी कोंबडी म्हणजे खुडूक! तिला अंडी उबवायची होती. अशी कोंबडी दिवसातून एकदा-दोनदाच उठते, घाईघाईने खाते, भलीमोठी विष्ठा टाकते आणि परत जाऊन बसते. पोटाखाली हात घातला तर तिथली पिसं झडलेली आणि कातडी तापलेली लागते. खाली अंडं नसलं तरी ती बसते, आणि तेवढे दिवस अंडी बंद असतात. गावाकडच्या कुठल्याही म्हातारीने तुला हे एका शब्दात सांगितलं असतं. कदाचित तुझ्या सासूबाईंनीही, पण त्यांना तू विचारलं नसशील.

मे महिन्यात नागपूरच्या उन्हात तिच्याखाली अंडी ठेवून २१ दिवस वाट बघण्यात अर्थ नव्हता, ते खरं. पण खुडूक मोडता येते. तळाला जाळी असलेला पिंजरा जमिनीपासून वीतभर उंच, सावलीत टांगायचा नाहीतर विटांवर ठेवायचा. आत गवत, तूस, पोतं काही घालायचं नाही. दाणा-पाणी नेहमीसारखं. खालून वारा लागला की पोट थंड पडतं आणि तीन-चार दिवसांत तिचं खूळ उतरतं. मग दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंडी द्यायला लागते. पेटीतून नुसती हुसकत राहिलं तर ती दर वेळी परत जाऊन बसते आणि तुला वाटतं, चिडकी झाली.

आणि अंडी खरंच बंद झाली आहेत का, हे अंदाजाने ठरवायचं नसतं, बोटांनी ठरवायचं असतं. कोंबडी काखेत धरायची, तोंड मागे. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना कमरेची दोन टोकदार हाडं लागतात. अंडी देणाऱ्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावतात, बंद असलेलीत जेमतेम एक. देणारीचं गुदद्वार रुंद आणि ओलसर, बंद असलेलीचं लहान, कोरडं, सुरकुतलेलं. तुरा लाल आणि भरलेला की फिकट आणि आकसलेला, तेही बघायचं. बंद आढळली तर पुढचा प्रश्न: ऊन, पीसझड, खुडूक की वय? गावरान कोंबडीची अंडी दुसऱ्या वर्षानंतर कमी होत जातात, पण चार-पाच वर्षं ती थोडीथोडी देत राहते. अडीच वर्षं हे म्हातारपण नाही. हे सगळं तुझ्या मुलीने पाच मिनिटांत तपासून वहीत लिहिलं असतं. घरी शिकवणं म्हणजे आणखी काय असतं? तो धडा समोर आला आणि तू तो तिच्या पाठीमागे चिकनवाल्याला विकलास.

तेव्हा आज संध्याकाळी सांग. रविवारी नाही, नवरा घरी आल्यावर नाही, आज. कोंबड्या कोंडायच्या वेळी, खुराड्यापाशी, दोन्ही मुलं समोर असताना. एवढंच बोल: “टिकलीला मुंगसाने नेलं नाही. मी तिला चिकनवाल्याला ३५० रुपयांना विकलं आणि तुम्हाला खोटं सांगितलं. ती म्हातारी नव्हती, खुडूक होती, मला ओळखता आलं नाही. बाळूने कडी नीट लावली होती.” (बाळू मी ठेवलेलं नाव, तू त्याचं घाल.) शेवटचं वाक्य त्याच्याकडे बघून म्हण. मग गप्प राहा. ‘तुला वाईट वाटू नये म्हणून’ हे शब्द तोंडातून येतील, ते गिळ. त्या शब्दांनी खोट्याचं ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर जातं. नवी पिल्लं आणू नकोस, आइस्क्रीमला नेऊ नकोस. त्यानंतर तिची वही माग आणि ज्या दिवशी टिकली गेली त्या तारखेसमोर पेनाने, तुझ्या हाताने लिही: ‘टिकली विकली, ३५० रुपये.’ जुना आकडा खोडू नकोस.

ती ओरडेल. किंवा दोन दिवस बोलणार नाही. चालेल. ह्या दिवसांत गणिताचं नाव काढू नकोस. तशी ती गणित सोडून बसलेलीच नाही, तुझ्यासमोर करत नाही इतकंच. १३ कोंबड्या, समजा दिवसाला ६ अंडी, म्हणजे ४६ टक्के. रोज माणशी ११०-१२० ग्रॅम खाद्य (कोंबडीला माणशी म्हटलं, असू दे), म्हणजे एका कोंबडीमागे महिन्याला साडेतीन किलोच्या आसपास. हे तुझ्या वहीतलं सहावीचं गणित. तिच्या वहीतलं, म्हणायला हवं. यापुढे खुराड्यातून कोंबडी बाहेर जाईल ती तिने तपासल्यावर आणि तिने नोंद केल्यावर, हेही तिला सांग आणि पाळ. काही कळेनासं झालं तर सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तिला घेऊन जा आणि बोलायचं काम तिलाच करू दे.

शाळेचं म्हणशील तर दार कुठे पळून जात नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. घरीच शिकली तर पुढे एनआयओएसची, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेची, दहावी आहे, तिला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, नाहीतर शाळेत न जाता परीक्षेला बसायचा राज्य बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म, त्याच्या अटी मात्र आधी विचारून घे. पण ह्या महिन्यात शाळेत घातलीस तर तिच्या हिशेबी ती प्रश्न विचारल्याची शिक्षा ठरेल. वेळापत्रक राहू दे.

आणि कवचं. तो ता.क. वेगळा नाही गं. अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले साधारण २० तास एकट्या कवचाचे, आणि त्यातला मोठा भाग रात्री. त्यासाठी लागणारा बराचसा चुना कोंबडी दिवस मावळायच्या आधीच्या काही तासांत पोटात भरून घेते, तेव्हा ती हावऱ्यासारखी खाते. जून-जुलैत नागपुरात सूर्य मावळतो सातच्या सुमाराला आणि तुझी मुलगी त्यांना कोंडते पाचला, त्या तुझ्या मुंगसाच्या भीतीने. कवचं पातळ होणारच. सहा-साडेसहापर्यंत त्यांना मोकळ्या राहू दे. शिंपल्यांचा चुरा खाद्यात मिसळू नकोस, वेगळ्या वाडग्यात दुपारनंतर ठेव. तांदळाच्या दाण्याएवढा जाड हवा. भुकटी लवकर निघून जाते, जाड तुकडा रात्रभर कोंबडीच्या दाणे दळणाऱ्या पोटात राहून हळूहळू विरघळतो.

विटांचंही तेच. खालची जाळी बुजली की वारा बंद, पावसाळ्यात तूस ओलं राहतं आणि त्याचा झोंबणारा वास थेट कोंबड्यांच्या डोळ्यांना लागतो. सकाळी खुराड्यात वाकून बघ, तुझ्या डोळ्यांत पाणी आलं तर त्या रात्रभर त्यात होत्या असं समज. ओलं तूस काढ, कोरडं चार इंच घाल, दोन दिवसांनी खालीवर कर. खरं मुंगूस कधी आलंच तर त्याला विटा अडवत नाहीत. अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी लागते, चारी बाजूंनी फूटभर जमिनीत पुरलेली.

तेव्हा सांगून झालं, वहीत लिहून झालं की उद्या सकाळी तिघं मिळून विटा काढा. मुलांना म्हणावं, वीट आपल्याकडच्या कडेने उचलू नका, पलीकडच्या कडेने कलती करा आणि आधी खाली बघा. पावसात विटांखाली विंचू बसलेले असतात.