क्रूझ ठरली, पण धक्क्याचं काय?

दिवाळी-नाताळच्या सुट्ट्यांचं बुकिंग सुरू झालं की क्रूझबद्दलचे प्रश्न वाढतात. गंमत अशी की जहाजावर काय काय आहे हे जाहिराती बघून सगळ्यांना पाठ असतं. घोडं अडतं ते चढण्या-उतरण्यापाशी. या वेळचे प्रश्नही बहुतेक तिथलेच आहेत.

प्रश्न : मुंबई–गोवा–मुंबई क्रूझ बुक केली आहे. आम्ही दोघं, दोन मुलं आणि चार बॅगा. नाशिकहून गाडी काढावी की रेल्वेनं जावं? जहाज नेमकं कुठून सुटतं? (इंदिरानगर)

जहाज सुटतं बॅलार्ड पिअरच्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलवरून. गेटवे नाही आणि भाऊचा धक्काही नाही. टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ' म्हणालात तर तो तुम्हाला मांडव्याच्या बोटीपाशी नेऊन सोडेल, म्हणून 'बॅलार्ड इस्टेट, क्रूझ टर्मिनल' असं पूर्ण सांगा. या टर्मिनलचं उद्घाटन 20 सप्टेंबर 2025 ला झालं. चेक-इन आणि इमिग्रेशन मिळून 72 काउंटर आहेत आणि एका वेळी पाच जहाजं लागू शकतात. जागा ऐसपैस आहे, तरी रांग लागतेच, कारण हजार-दोन हजार माणसं एकाच दुपारी येतात. वेब चेक-इन घरूनच उरकून घ्या आणि तुम्हाला दिलेल्या वेळेलाच पोहोचा. फार लवकर गेलात तर मुलं बाहेरच कंटाळतात. उशीर मात्र चालत नाही. जहाज सुटायच्या तास-दीड तास आधी काउंटर बंद होतात आणि मग कुणाची रदबदली कामाला येत नाही.

माझं मत रेल्वेच्या बाजूनं आहे. पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिक रोड सोडते आणि वेळेवर असली तर अकराच्या आत सीएसएमटीला आणते. तिथून टर्मिनल टॅक्सीनं काही मिनिटांवर. फक्त आरक्षण करा. पासवाल्यांच्या गर्दीत चार बॅगा आणि दोन पोरं घेऊन चढणं हा वेगळाच पराक्रम आहे.

गाडीनंच जायचं असेल तर जून 2025 पासून इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा खुला आहे, त्यामुळे कसारा घाट टळतो. आमण्यानंतर भिवंडी-ठाणे मात्र कुणालाच टळत नाही, तिथे दीड तास जादा धरा. मुंबईत शिरल्यावर ईस्टर्न फ्रीवे घ्या. टर्मिनलला तीनशेहून जास्त गाड्यांची पार्किंग आहे, पण दोन-तीन रात्री गाडी ठेवू देतील असं गृहीत धरू नका. आधी विचारा, किंवा ड्रायव्हर सोडून परत येईल अशी सोय करा.

ओळखपत्रं सगळ्यांची मूळ हवीत, मुलांचीसुद्धा. मोबाइलमधल्या फोटोवर भागवायला जाऊ नका.

प्रश्न : सासूबाई 74 वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. घरात चालतात, बाहेर आधार लागतो. लक्षद्वीपची क्रूझ त्यांना झेपेल का? व्हीलचेअर मिळते ना? (गंगापूर रोड)

व्हीलचेअर टर्मिनलपासून केबिनपर्यंत मिळते, पण बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवावं लागतं. चढून झाल्यावर ती बहुधा परत घेतात. चारही दिवस लागणार असेल तर घडीची खुर्ची स्वतःची न्या आणि केबिनचं दार किती रुंद आहे ते विचारा. साध्या केबिनची दारं अरुंद असतात, बाथरूमला उंबरठा असतो. अपंगांसाठीच्या केबिन मोजक्याच, त्या आधी भरतात. केबिन लिफ्टजवळची मागा, नाहीतर त्या लांबलचक कॉरिडॉरमध्येच गुडघे बोलायला लागतील.

खरा प्रश्न जहाजाचा नाहीच, लक्षद्वीपचा आहे. तिथे बेटांभोवती प्रवाळाची कडी आणि आत उथळ पाणी, त्यामुळे मोठं जहाज बेटाला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात नांगर टाकतं आणि प्रवाशांना लहान बोटींतून नेतात. जहाजाच्या पोटातलं दार उघडतं, समोर बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते. दोन्ही बाजूंनी खलाशी दंड धरतात, बोट वर आली की 'आता' म्हणतात आणि त्या क्षणी पाऊल टाकायचं. धडधाकट माणसाला यात मजा वाटते, पण गुडघा भरवशाचा नसेल तर ते एक पाऊल फार मोठं आहे. व्हीलचेअरवरून उठता न येणाऱ्याला तर बोटीत घेतच नाहीत. शिवाय वारा वाढला तर उतरणंच रद्द होतं आणि त्याचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

सासूबाई जहाजावरच बसून समुद्र बघायला आनंदानं तयार असतील तर जरूर न्या. बेटावर पाय टेकवायचाच असं त्यांच्या मनात असेल, तर जहाज थेट धक्क्याला लागतं अशी सहल निवडा. मार्मागोव्याला लागतं, कोचीला लागतं. तिथे शिडीवरून सावकाश उतरता येतं. लक्षद्वीपला जाणारच असाल तर प्रवेश परवाना लागतो. क्रूझ कंपनी तो काढते, पण कागद तुम्हाला वेळेत द्यावे लागतात. सासूबाईंच्या नेहमीच्या गोळ्या दुप्पट दिवसांच्या न्या. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल वेगळं येतं. विमा काढताना बीपी-शुगर लपवू नका.

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं आहे. नेऊ शकतो का? (सिन्नर)

एवढ्यात नाही. बहुतेक कंपन्या सहा महिने पूर्ण झालेलं बाळ घेतात आणि महासागर ओलांडणाऱ्या लांबच्या सफरींना वर्षाचं लागतं. वय जहाज सुटायच्या दिवशीचं धरतात. पुढे नेलंत तरी डायपरमधल्या बाळाला बहुतेक जहाजांच्या पूलमध्ये उतरू देत नाहीत, हे मोठ्या भावंडाला आधीच सांगून ठेवा. आणखी एक, कुणी न विचारलेलं : घरात कुणी गरोदर असेल तर प्रवास संपेपर्यंत 24 आठवडे पूर्ण होत नाहीत ना, ते मोजून मगच तिचं बुकिंग करा.

प्रश्न : मे महिन्यात सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ आहे, मलेशिया आणि फुकेत. टूरवाला म्हणतो व्हिसाचं टेन्शन नाही. बंदरावर उतरून आम्ही आमचं फिरू शकतो का? (कॉलेज रोड)

टेन्शन कमी आहे, काम आहेच. सिंगापूरहून निघून तुम्ही पुन्हा सिंगापूरलाच येणार, म्हणजे तो दुसरा प्रवेश झाला. व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे छापील कागदावर स्वतः वाचा. प्रवासाच्या तारखेपासून पासपोर्टची मुदत सहा महिने तरी उरलेली हवी. मुलांचे पासपोर्ट बहुधा पाच वर्षांचेच असतात आणि घरात सगळ्यात आधी तेच संपतात. सिंगापुरात दोन क्रूझ टर्मिनलं आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. तिकिटावर कुठलं आहे ते बघा. विमान आदल्या दिवशीचं घ्या. एक रात्र हॉटेलचा खर्च होईल, पण विमान लांबलं म्हणून जहाज कुणासाठी थांबत नाही.

स्वतःचं स्वतः फिरता येतं, पण बंदराचं नाव वाचून फसू नका. कार्यक्रमात 'क्वालालंपूर' लिहिलेलं असतं आणि जहाज लागतं पोर्ट क्लांगला. तिथून शहर तासाभराहून जास्त, ट्रॅफिक वेगळा. पेनांग उलट आहे, धक्का जॉर्जटाउनला चिकटूनच, उतरलं की चालत निघावं. फुकेतला बहुतेक वेळा लहान बोटीनं किनाऱ्यावर नेतात, त्यात जाता-येता रांग.

आता घड्याळ. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. किनाऱ्यावर उतरताच तुमचा फोन आपोआप थाई वेळ दाखवतो, पण बहुतेक जहाजं आपली वेळ बदलत नाहीत. 'पाचपर्यंत परत या' म्हणजे जहाजाचे पाच, तेव्हा फोनवर चारच वाजलेले असतात. फोन बघून निवांत खरेदी करणारं कुटुंब पाचला धक्क्यावर येतं आणि जहाज तासाभरापूर्वीचं हललेलं असतं. एकानं तरी साधं मनगटी घड्याळ लावावं आणि उतरताना त्याला हात लावू नये. जहाजातर्फे घेतलेली सहल लांबली तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी नाही. म्हणून जवळच्या बंदरात आपलं आपण फिरा आणि लांबच्या शहरासाठी जहाजाची सहल घ्या, महाग असली तरी. रोज केबिनमध्ये दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद येतो, त्यावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो. त्याचा फोटो काढल्याशिवाय उतरू नका.

प्रश्न : चिवडा, लाडू, थेपले नेता येतात का? आईला रोज देवापुढे दिवा लावायचा असतो. (पंचवटी)

दिवा नाही, उदबत्तीही नाही. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, त्यामुळे इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, किटलीसुद्धा काढून घेतात. आईंसाठी बॅटरीची पणती न्या. घरचे डबे बहुतेक कंपन्या चढताना अडवतात. सीलबंद पाकिटातला कोरडा खाऊ बहुधा चालतो, तेव्हा कोंडाजी चिवडा पाकिटातलाच घ्या. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, उपाशी कुणी राहत नाही. उपवास असेल तर बुकिंगच्या वेळी लिहून द्या. परदेशी बंदरात मात्र जहाजावरचं फळही पर्समध्ये टाकून उतरू नका. कित्येक देशांत त्याला दंड आहे.

प्रश्न : मला कसाऱ्याच्या घाटातच मळमळतं. समुद्रात काय होईल? (देवळाली कॅम्प)

घाटाइतका त्रास सहसा होत नाही. मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते डोलणं कमी करतात. केबिन मधली आणि खालच्या डेकवरची मागा, सगळ्यात कमी हालतं ते तिथे. वरची पुढची बाल्कनी दिसायला झकास, पण तुमच्यासाठी नाही. गोळी डॉक्टरांना विचारून ठेवा आणि मळमळायच्या आधी घ्या. पावसाळ्याच्या तोंडावरची तारीख टाळा, त्या सुमारास अरबी समुद्र खवळायला लागतो.

प्रश्न : परत आल्यावर त्याच दिवशी नाशिकची कुठली गाडी धरावी? (सातपूर)

दुपारी एकच्या सुमाराची वंदे भारत. जहाज सकाळी लागलं तरी उतरणं गटागटानं होतं, त्यामुळे दहाच्या आधीचं काही ठरवू नका. आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट टर्मिनलमध्ये मिळतात. दर फेरीला कुणीतरी सकाळचे कपडेही त्यातच भरून टाकतं आणि मग नाइट ड्रेसवर धक्क्यावर उतरतं. एक जोड, चपला, औषधं आणि ओळखपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा. वंदे भारत हुकली तर संध्याकाळची पंचवटी आहेच. तोवर बॅगा सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाकायच्या असतील तर त्यांना कुलूप हवं.