घरासाठी फुकट किंवा स्वस्त इंटरनेट फोन कसा मिळवावा?

तुम्ही विचारलंय की लँडलाइन काढून टाकायची आहे, ब्रॉडबँड आहे, पण घरातल्या मोठ्यांना हातात जुनाच फोन हवा. मग इंटरनेटवरून फुकट किंवा स्वस्तात काही जमेल का? जमेल. पण फुकट कशाला म्हणायचं ते आधी बघू.

दोन्ही टोकांना इंटरनेट असेल तर कॉल फुकटच पडतो, मग तो व्हॉट्सअ‍ॅपवरून असो, सिग्नलवरून असो की एका सिप खात्यावरून दुसऱ्यावर (सिप म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडण्याची ठरलेली पद्धत). तोच कॉल साध्या मोबाइलला किंवा लँडलाइनला गेला की पलीकडची कंपनी तो पोचवून देण्याचे पैसे घेते, आणि ते कुणाला तरी भरावे लागतात. ‘जगभर अमर्याद फुकट’ दिसलं की खालची बारीक अक्षरं वाचाच. (जुन्या उत्तरांत स्काइपची शिफारस सापडेल, ते मे 2025 मध्ये बंद झालं.)

काहीही विकत घेण्याआधी राउटरची मागची बाजू बघा. फायबरच्या बऱ्याच राउटरना नेटच्या केबलच्या जॅकपेक्षा अरुंद असा एक जॅक असतो, त्यावर ‘फोन’, ‘टेल’ किंवा ‘पॉट्स’ लिहिलेलं असतं. असला तर ब्रॉडबँडवाल्यांना विचारा. ही सोय तुमच्या प्लॅनमध्येच असू शकते, नुसती चालू करून घ्यायची राहिलेली.

तो जॅक नसेल तर एटीए नावाची छोटी डबी घ्या. एका बाजूला राउटरची केबल, दुसऱ्या बाजूला तुमचा जुना फोन. घेताना दोन गोष्टी बघा: फोनचा जॅक ‘एफएक्सएस’ हवा (‘एफएक्सओ’ बाहेरून आलेल्या लाइनसाठी असतो), आणि डबी कुठल्या एका कंपनीला लॉक केलेली नको. मग सिप सेवा देणाऱ्याकडे खातं उघडा आणि त्याने दिलेला सर्व्हर, युजरनेम, पासवर्ड डबीत भरा. डबी घेण्याआधी तेच खातं लिनफोनसारख्या फुकट अ‍ॅपमध्ये घालून आवाज कसा येतो ते ऐकून घ्या. मात्र इंटरनेटवरून साध्या नंबरला कॉल जोडण्यावर काही देशांत बंधनं आहेत, तुमच्याकडचे नियम तेवढे तपासा.

कमी बोलणाऱ्या घराला महिन्याच्या प्लॅनपेक्षा मिनिटांवर कटणारा प्रीपेड परवडतो, असं माझं मत. येणाऱ्या कॉलसाठी लागणाऱ्या नंबरचं भाडं बहुधा वेगळं असतं. जुनाच नंबर ठेवायचा असेल तर तो पोर्ट होतो का ते विचारा, आणि पोर्ट पूर्ण होईपर्यंत लँडलाइन बंद करू नका. आधी बंद केली तर नंबर हातचा जाऊ शकतो.

वेगाची काळजी नको. जी.711 या नेहमीच्या कोडेकला (आवाजाचं डिजिटल रूप करण्याच्या पद्धतीला) आवाजासाठी 64 केबीपीएस लागतात, वरचा पसारा धरून एका दिशेला नव्वदच्या आसपास. आवाज तुटतो तो बहुधा घरात कुणीतरी मोठी फाइल अपलोड करत असतं तेव्हा. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाचा डेटा आधी जावा ते ठरवायची सोय) असेल तर फोनला प्राधान्य द्या.

खरा वैताग वेगळाच. बेल वाजते, फोन उचलता, तुमचं बोलणं पलीकडे जातं पण त्यांचं तुम्हाला येत नाही. किंवा सगळं छान चालू असताना बरोबर अर्ध्या मिनिटाने कॉल तुटतो. सिपमध्ये उत्तराची पोच आली नाही तर 32 सेकंदांनी कॉल सोडून देतात, त्याचा हा परिणाम. दोन्हींत पहिला संशय राउटरमधल्या ‘सिप एएलजी’वर घ्या, म्हणजे सिप कॉलच्या संदेशांत मदत म्हणून फेरफार करणाऱ्या सोयीवर. नाव मदतीचं, काम उलटं. ते बंद करा, राउटर आणि डबी दोन्ही रीस्टार्ट करा.

तांब्याच्या जुन्या लाइनला वीज एक्स्चेंजकडून मिळायची, म्हणून दिवे गेले तरी फोन चालायचा. इथे तसं नाही. राउटर, फायबरची डबी आणि एटीए हे सगळं छोट्या यूपीएसवर लावा. आणीबाणीच्या नंबरला कॉल लागतो का, आणि तुमचा पत्ता तिकडे दिसतो का, हे सेवा घेतानाच विचारा. घरात म्हातारी माणसं असतील तर चार्ज केलेला एक मोबाइल शेजारी असू द्याच.

आणि सिपचा पासवर्ड लांबलचक ठेवा. खातं चोरून महागड्या परदेशी नंबरांना रात्रभर कॉल लावणारे टपलेलेच असतात. परदेशी कॉल करायचे नसतील तर ते बंद करून घ्या, आणि प्रीपेडचा ऑटो-रिचार्जही.